शाळा घरी येते तेव्हा

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला नातेवाईक आणि शेजारी एकच प्रश्न विचारतात, अशी माझी समजूत होती : मुदत ठेव कुठे ठेवावी? गेल्या काही वर्षांत मात्र त्याच्या जोडीला दुसराही एक प्रश्न येऊ लागला आहे. "मुलाला शाळेतून काढावं म्हणतो, तुम्हाला काय वाटतं?" विचारणारी मंडळी सुशिक्षित असतात, नोकरीत स्थिरावलेली असतात आणि त्यांचे मूल तेरा-चौदा वर्षांचे असते. थोडे खोलात गेले की लक्षात येते, शाळेतून काढण्याचा निर्णय मनात जवळजवळ झालेलाच आहे. सल्ला हवा आहे तो त्यापुढचा. ऑनलाइन शाळेत नाव घालावे, की शाळा हा प्रकारच बाजूला ठेवून घरी शिकवावे आणि मुक्त विद्यालयातून दहावीला बसवावे?

मी शिक्षणतज्ज्ञ नाही. आयुष्याची बरीच वर्षे मी कर्जाचे अर्ज वाचले आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण दोन्ही कामांनी एक सवय लावली. माणूस काय करायचे म्हणतो ते ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, हे रोज कोण करणार? घरच्या शिक्षणाच्या प्रश्नाची किल्लीही मला याच जागी दिसते.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू या, कारण बोलण्यात हे सगळे प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात. ऑनलाइन शाळा ही शाळाच असते. वेळापत्रक, शिक्षक, हजेरी, चाचण्या सगळे तिचे. फक्त वर्ग पडद्यावर भरतो. घरच्या शिक्षणात काय शिकायचे, कधी आणि कशातून, हे पालक आणि मूल ठरवतात. परीक्षेपुरता एखाद्या मंडळाशी संबंध येतो. तिसरा मार्ग महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे तो सतरा नंबरच्या अर्जाचा. हा अर्ज भरून बाहेरून दहावी-बारावीला बसलेली माणसे प्रत्येक बँकेत, प्रत्येक कचेरीत भेटतात. आमच्या शाखेतही होती आणि त्यांचे हिशेब कुणापेक्षा कमी चोख नव्हते.

कायद्याचे म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि मुलाला शाळेत घालणे हे त्यात पालकांचे कर्तव्य म्हटले आहे. घरच्या शिक्षणाला त्यात वेगळे स्थान दिलेले नाही. चौदाव्या वर्षानंतर मात्र त्या कायद्याचा हात सुटतो. नेमक्या त्याच वयाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेचे, म्हणजे एनआयओएसचे, दहावीचे दार उघडते. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ साली 'नॅशनल ओपन स्कूल' या नावाने सुरू झाली आणि २००२ साली तिला आजचे नाव मिळाले. प्रमाणपत्रासाठी पाच विषय, वर्षातून दोन परीक्षा आणि पाच वर्षांत नऊ संधी, अशी तिची रचना आहे. तिने ऑगस्ट २०२१ मध्ये आभासी शाळाही सुरू केली. पुढच्याच वर्षी, ३१ ऑगस्ट २०२२ रोजी, दिल्ली सरकारने नववी ते बारावीसाठी देशभरातल्या मुलांना खुली असलेली आभासी शाळा जाहीर केली. म्हणजे 'सरकारी ऑनलाइन शाळा' ही गोष्ट आपल्याकडेही आता ऐकीव राहिलेली नाही.

हे सारे ऐकून जुन्या वळणाची माणसे भुवया उंचावतात. "घरी बसून कुठे शिक्षण होतं का?" त्यांना आपल्याच इतिहासाची आठवण करून द्यावीशी वाटते. पंडिता रमाबाई कोणत्या शाळेत गेल्या होत्या? तीर्थयात्रेच्या वाटेवर आईने त्यांना संस्कृत शिकवले, आणि त्या आईला शिकवले होते वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी. रमाबाई रानडे यांना न्यायमूर्तींनी घरीच शिकवले, तेही घरातल्या बायकांचा विरोध सोसून. घर ही शाळा होऊ शकते, हे मराठी माणसाला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही.

पण याच इतिहासाचे दुसरे पानही वाचायला हवे. जोतीराव फुल्यांनी सावित्रीबाईंना घरीच शिकवले आणि मग १८४८ साली त्या दोघांनी पुण्यात, भिडेवाड्यात, मुलींची शाळा काढली. ती कशासाठी? ज्यांच्या घरी शिकवणारे कुणी नव्हते, किंवा असून शिकवणार नव्हते, त्या मुलींसाठी. घर चांगले असेल तर मूल घरी शिकते. घर कसेही असले तरी मुलाला शिकता यावे म्हणून शाळा निर्माण झाली. मुलाला शाळेतून काढताना आपण तिच्याकडून नेमके काय परत घेत आहोत, हे कळण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

शाळा सोडण्याची कारणे खोटी नसतात, हेही मान्य केले पाहिजे. कुणाच्या मुलीला वर्गात छळले जाते आणि शाळा कानावर हात ठेवते. कुणाचा मुलगा बुद्धिबळाच्या स्पर्धांसाठी वर्षातले अनेक आठवडे बाहेर असतो. कुणाला लांबलेला आजार असतो. कुणाच्या वडिलांची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. शिवाय, घरच्या शिक्षणाचे नाव काढताच ज्यांना घाम फुटतो, त्यांतल्या कित्येकांची मुले अकरावी-बारावीला फक्त नावापुरती कॉलेजात असतात. सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासमध्ये आणि कॉलेजचे तोंड प्रात्यक्षिकाच्या परीक्षेपुरते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर कॉलेज सोडून दिल्यावर आपण फारसे बोललो नाही, कारण पटावर नाव होते!

तेव्हा प्रश्न शाळेशी निष्ठेचा नाही. शाळा जे काम करत होती, ते आता कोण करणार, हा आहे. कामाची यादी करून पाहा. मुलाला ठरलेल्या वेळी उठवून बसते करणे, न आवडणाऱ्या विषयाकडे वळवणे, चूक दाखवणे, समवयस्कांत सोडणे, खेळायला लावणे, आणि रोज पाच-सहा तास त्याला आईबापांच्या नजरेआड ठेवणे. शेवटचे काम कुणी मोजत नाही. किशोरवयात ते सर्वांत मोलाचे असते.

ऑनलाइन शाळा यातले शिकवण्याचे काम आपल्याकडे घेते आणि बाकीचे घरावर सोपवते. करोनाच्या काळात, मार्च २०२० नंतर, हे आपण सर्वांनी पाहिले. शिक्षकांनी जिवाचे रान केले. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० मध्ये 'टिलीमिली' सुरू झाली आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता अशा घरांतही धडे पोहोचले. पण धडा पोहोचणे आणि शिकणे यांच्यामध्ये जे अंतर असते, ते घरातले कुणीतरी मोठे माणूस शेजारी बसले तरच कापले जात होते. बाकी ठिकाणी कॅमेरा बंद, आवाज बंद आणि हजेरी मात्र लागलेली.

ते संकटकाळाचे शिक्षण होते, त्यावरून कायमचा निष्कर्ष काढू नये, असे कुणी म्हणेल. मग अमेरिकेचा दाखला घेऊ. तिथे फ्लोरिडा राज्याची आभासी शाळा १९९७ सालापासून आहे आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या ऑनलाइन चार्टर शाळांत लाखो मुले शिकली आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका संशोधन केंद्राने २०१५ साली त्या शाळांतल्या मुलांची तुलना नेहमीच्या सरकारी शाळांतल्या तशाच मुलांशी केली. शाळेचे वर्ष १८० दिवसांचे धरले, तर वाचनात ही मुले ७२ दिवसांनी मागे होती आणि गणितात १८० दिवसांनी. म्हणजे गणितापुरते जणू वर्षच वाया गेले. त्या शाळांतही शिक्षक होते, पुस्तके होती, संगणक होते. कमी होती ती मुलाला रोज कामाला लावणाऱ्या माणसाची, आणि ती कमतरता पालकांनी भरून काढावी अशी अपेक्षा होती.

घरच्या शिक्षणात तर ही अपेक्षा उघडच असते. ती कुणाच्या वेळातून पुरी होते, याचा हिशेब मात्र क्वचित मांडला जातो. "आम्ही घरीच शिकवतो," असे वडील सांगतात. त्या 'आम्ही'चा अर्थ बहुतेक घरांत 'ही शिकवते' असा असतो. तिने नोकरी सोडलेली असते किंवा अर्धवेळ केलेली असते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर शाळेची फी वाचल्याचे जमेला दिसते आणि एका माणसाचा पगार, त्याची पुढची बढती, त्याचे निवृत्तिवेतन नावे पडते. ते पुस्तकात कुणी लिहीतच नाही. कुटुंबाने समजून-उमजून हा खर्च केला तर मला काही म्हणायचे नाही. पण तो लिहून काढावा, आणि दोघांनी मिळून लिहावा.

याहून गंभीर गोष्ट मुलींची आहे. माझ्या मावसबहिणीची नात गेल्या वर्षी शाळेतून काढली गेली. नववीत होती. वर्गातल्या काही मुलींनी तिला वर्षभर छळले आणि शाळेने 'मुलींमधल्या कुरबुरी' म्हणून विषय मिटवला. तिला तिथून काढले हे योग्यच झाले. एका ऑनलाइन शाळेत नाव घातले. गणपतीत मी त्यांच्याकडे तीन-चार तास होतो. तेवढ्यात कानात इअरफोन अडकवलेल्या त्या मुलीने दोनदा दार उघडले, गॅसवाल्याला पैसे दिले, कुकर लावला. तिचा धाकटा भाऊ नेहमीच्या शाळेत जातो. त्या दिवशी त्याला सुट्टी होती आणि तो टीव्हीपुढे बसला होता. तिची आई, माझी भाची, कौतुकाने म्हणाली, "काका, ही घरी असते ना, त्याची केवढी मदत होते!"

मी नंतर मुलीला विचारले, "अभ्यास कसा चाललाय?"

"चाललाय, आजोबा."

"शाळेपेक्षा बरं वाटतं?"

ती जरा थांबून म्हणाली, "कुणी चिडवत नाही, ते बरं आहे. पण शाळेत होते तेव्हा माझा डबा आई भरायची. आता सगळ्यांचे डबे मी भरते."

तिने तक्रार केली नव्हती; विचारले म्हणून सांगितले होते. पण मला मराठवाड्यातल्या एका खेड्यातील आमची शाखा आठवली. कर्जाच्या अर्जावर कुटुंबाची माहिती भरून घ्यावी लागे. मुलगे कितवीत आहेत ते बाप अभिमानाने सांगायचा. मुलीचे विचारले की उत्तर ठरलेले : "सातवी झाली. आता घरीच असते." हायस्कूल काही कोसांवर होते आणि बसचा भरवसा नव्हता. 'घरीच असते' या दोन शब्दांत तिची शाळा संपून तिचे पाणी भरणे सुरू व्हायचे. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये, वाय-फायच्या सावलीत, हे दोन शब्द नव्या कपड्यांत परत येणार असतील, तर सावध राहिले पाहिजे.

भाचीला मी एवढेच सुचवले की सकाळी आठ ते एक या वेळात त्या मुलीला कुणी हाक मारायची नाही. दाराची बेल वाजली तरी ती उठणार नाही. आणि दुपारी तिने घराबाहेर बसून अभ्यास करावा. जवळच्या सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका आहे. तिथे स्पर्धा परीक्षांची मुले-मुली बसतात. आता हीही जाते. तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या दोन मुलींशी तिची ओळख झाली आहे, आणि एक तिला गणित समजावते असे कळले. ऑनलाइन शाळेत फरक पडला नाही. फरक घराच्या वेळापत्रकात पडला.

सोबतीची ही गरज मी स्वतः अनुभवली आहे. आमच्या वेळी बँकेत लागल्यावर सी.ए.आय.आय.बी.ची परीक्षा द्यायची असे. पास झाले की वेतनवाढ मिळायची. क्लास नाही, वर्ग नाही. पुस्तके आणायची आणि घरी वाचायची. आम्ही सगळे पदवीधर, कमावते, वेतनवाढीचे आमिष समोर. तरीही एकट्याने वाचणाऱ्यांचा एखादा पेपर वर्षानुवर्षे अडकलेला असायचा. शाखेचे काम आटोपल्यावर चौघे-पाच जण रोज तासभर एकत्र बसलो, तेव्हा पेपर सुटले. पंचविशीतल्या माणसाला जे एकट्याने साधत नाही, ते चौदा वर्षांच्या पोराला खोलीत बसून साधेल ही अपेक्षा भाबडी आहे.

यावर हमखास एक उदाहरण पुढे केले जाते. शाळा सोडून घरी शिकलेल्या मुंबईच्या एका मुलीला २०१६ साली अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळाला. उदाहरण खरे आहे, पण ते पूर्ण सांगावे. तिने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तीन पदके मिळवली होती. त्या वाटेवर तिला तिच्यासारखीच वेडी मुले आणि उत्तम शिक्षक भेटले. चेन्नईच्या गणित संस्थेने तिला वर घेतले. आणि बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार तिला बंदच राहिले. म्हणजे तिची शाळा सुटली होती, संगत सुटली नव्हती. आणि कागदाची किंमत तिलाही मोजावी लागली.

म्हणून कागदाबाबत भाबडे राहू नये. ऑनलाइन शाळेत नाव घालताना शेवटची परीक्षा कोणत्या मंडळाची, हे लेखी विचारावे. 'शाळा' आणि 'परीक्षा मंडळ' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एनआयओएसचे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त आहे, पण विषय विचारपूर्वक निवडावे लागतात. नावडते गणित आज सोडले तर अभियांत्रिकीचा रस्ता उद्या बंद होतो. वैद्यकीय प्रवेशासाठी मुक्त विद्यालयाच्या मुलांना अपात्र ठरवण्यात आले होते, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. हक्क मिळाला, पण त्यासाठी मुलांना न्यायालयात जावे लागले, हेही विसरू नये.

आता मूळ प्रश्न : दोन्हींतले निवडायचे काय? आजार, बदली, स्पर्धा अशा ठरावीक कारणासाठी आणि ठरावीक काळासाठी शाळा सोडायची असेल, तर ऑनलाइन शाळा बरी. वेळापत्रक बाहेरून येते आणि परतीची वाट सोपी राहते. मुलाला एखाद्या विषयाची खरी ओढ असेल, घरातल्या एका मोठ्या माणसाकडे रोजचे काही तास मोकळे असतील आणि घराबाहेर सोबती असतील, तर घरचे शिक्षण आणि मुक्त विद्यालय अधिक चांगले. पडद्यासमोर सहा तास बसवून ठेवलेल्या शाळेपेक्षा नक्कीच. या तीन गोष्टींपैकी एक जरी नसेल, तर मी दुसरी शाळा शोधा असेच सांगतो. एका शाळेवरचा राग हे दुसरी शाळा शोधायचे कारण आहे. सगळ्या शाळा सोडण्याचे नव्हे.

आणि मुलाची सही हवी. बँकेत कर्जदाराच्या सहीशिवाय नुसत्या जामीनदाराच्या भरवशावर कर्ज देत नाहीत. इथे फेड मुलाला करायची आहे, तीही आयुष्यभर. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला सगळे कळत नाही, पण आपल्याला काय सोसत नाही हे नक्की कळते. त्याला विचारावे, त्याचे उत्तर आपल्या सोयीचे नसले तरी ऐकावे, आणि वर्षभराची मुदत ठरवून दिवाळीला एकदा, परीक्षेनंतर एकदा तिघांनी मिळून आढावा घ्यावा. परत शाळेत जावेसे वाटले तर ती हार नाही, हे आधीच सांगून ठेवावे.

थोडे समाजालाही सांगायचे आहे. मुक्त विद्यालयाची अभ्यासकेंद्रे आपल्या नेहमीच्या शाळांतच असतात. मग त्या शाळांची प्रयोगशाळा, वाचनालय आणि क्रीडांगण या मुलांना आठवड्यातून दोन दिवस का मिळू नये? नगरपालिकेच्या अभ्यासिकांत दहावीच्या बाहेरून बसणाऱ्या मुलामुलींसाठी एक टेबल राखून ठेवायला किती खर्च येतो? ज्या मुलीचा बाप खासगी ऑनलाइन शाळेची फी भरू शकत नाही, तिच्यासाठी तर हाच काय तो वर्ग असेल.

शाळा घरी आणता येते, याबद्दल मला शंका नाही. पण ती आली की घराला शाळेसारखे वागावे लागते. वेळेवर उघडायचे, वेळेवर सुटायचे, आणि सुटल्यावर मुलाला बाहेर सोडायचे. तेवढी तयारी असलेल्या घराने खुशाल दार उघडावे. ज्यांची नाही, त्यांनी दुसऱ्या एखाद्या शाळेचे दार ठोठावण्यात कमीपणा मानू नये.